पाणी तोडण्याच्या ठरावाआधी

पत्र (संक्षिप्त करून):

मी ठाण्यातील २४ सदनिकांच्या एका सहकारी गृहनिर्माण संस्थेचा सचिव आहे. गेल्या जूनमध्ये ३०३ मध्ये एक गृहस्थ, वय ४३, आपल्या आईसह भाड्याने राहायला आले. करार ११ महिन्यांचा आणि नोंदणीकृत आहे. मालक बंगळूरला असतात. ऑक्टोबरमध्ये आई वारल्या. तेव्हापासून आठवड्यातून तीन-चार रात्री, अडीचला पाण्याचा पंप सुरू झाला की थोड्याच वेळात, हे भिंतीवर ठोकतात आणि मोठमोठ्याने शिव्या देतात. डक्टमध्ये कचरा फेकतात, एकदा रखवालदाराच्या अंगावर बादलीभर पाणी ओतले, दोनदा २०३ च्या दारात जाऊन ‘माझ्याविषयी काय बोलता’ असा जाब विचारला. २०३ मधील मुलगी यंदा दहावीला आहे. नाशिकला असलेल्या त्यांच्या बहिणीने मला फोनवर सांगितले की त्याला बरीच वर्षे मानसिक आजारावरची औषधे चालू होती. ही गोष्ट मी सभेत सांगितली. सभेने त्याचे पाणी तोडून आठ दिवसांत घर खाली करून घेण्याचा ठराव केला. रात्री तिसऱ्या मजल्याचे ग्रिल बाहेरून बंद ठेवावे अशीही सूचना आली. आता अंमलबजावणी माझ्यावर आहे. ठराव मला पटत नाही, पण २०३ च्या मंडळींकडे पाहवत नाही. मी काय करावे?
— एक सचिव, ठाणे

उत्तर:

सचिव महोदय,

सप्रेम नमस्कार. तुम्ही काय करावे असे विचारले आहे, पण काय करू नये ते आधी सांगते, कारण तुमच्या ठरावाला आठ दिवसांची मुदत आहे. पाण्याचा कॉक बंद करू नका. सर्वसाधारण सभा संस्थेत सर्वोच्च असते हे खरे, पण कायद्याने जो अधिकार संस्थेला मुळात दिलेलाच नाही तो हात वर करून निर्माण होत नाही. संस्थेचा व्यवहार सदस्याशी, म्हणजे बंगळूरच्या मालकांशी आहे. भाडेकरूला घर सोडायला सांगण्याचा हक्क मालकांचा, आणि तोही करारातल्या अटींप्रमाणे. मुदत संपूनही घर सुटले नाही, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करण्याची वाट त्यांना मोकळी आहे. त्याच अधिनियमाच्या कलम २९ ने घरमालकालादेखील भाडेकरूचे पाणी किंवा वीज सबळ कारणाशिवाय तोडायला मनाई केली आहे. जे मालकाला करता येत नाही ते संस्थेच्या सचिवाने हातात पाना घेऊन केले, तर उद्या होणाऱ्या तक्रारीत सभेचे नाव मागे राहील आणि तुमचे पुढे येईल. हा ठराव अमलात आणणे मला कायदेशीर दृष्ट्या शक्य नाही, असे दोन ओळींचे पत्र व्यवस्थापक समितीला आजच द्या आणि पोच घ्या.

ग्रिलची सूचना तर तुम्ही इतिवृत्तातही येऊ द्यायला नको होती. माझ्या कामाची बरीच वर्षे मनोविकार विभागात समाजसेविका म्हणून गेली. एकदा एका बाईंना घरी पोहोचवायला गेले, तर त्यांच्या दाराला बाहेरून घालायची नवी कोरी कडी बसवून ठेवलेली होती आणि शेजारी मोठ्या आपुलकीने सांगत होते की हे त्यांच्याच सुरक्षिततेसाठी आहे. घरात गॅसची शेगडी होती. आग लागली असती तर ती कडी कोणी काढली असती, याचा विचार कोणाच्याच मनात आला नव्हता.

आता तुमच्या पत्राकडे वळते. पत्राच्या पहिल्या पानावर हे गृहस्थ ‘हे’ आणि ‘ते’ आहेत. बहिणीच्या फोनचा मजकूर आला आणि तिथून पुढे शेवटपर्यंत ते ‘तो’ झाले आहेत. तुम्ही हे मुद्दाम केलेले नाही हे मला समजते, पण सभेतही नेमके हेच घडले असणार. आजाराचे नाव निघेपर्यंत तुमच्यासमोर तक्रारी होत्या आणि त्यांतल्या एकेकीवर उपाय निघाला असता. नाव निघाल्यावर समोर फक्त एक माणूस उरला, आणि माणसावर उपाय म्हणून सभेला त्याला हटवण्यापलीकडे काही सुचले नाही.

सोबत जोडलेल्या नोटिशीच्या मसुद्यात ९ तक्रारी आहेत. त्या मी पुन्हा पुन्हा वाचल्या. रात्रीची ठोकाठोक आणि शिव्या, डक्टमधला कचरा, रखवालदारावर ओतलेले पाणी आणि २०३ च्या दारातले दोन प्रसंग, या खऱ्या तक्रारी आहेत आणि त्या सहन करत राहा असे मी कोणालाही सांगणार नाही. पण उरलेल्या पाचांमध्ये ‘लिफ्टमध्ये स्वतःशी बोलतो’, ‘दाढी वाढवली आहे, कपडे मळके असतात’, ‘गच्चीवर तासन्‌तास उभा राहतो’, ‘नमस्कार केला तरी उत्तर देत नाही’ आणि ‘गणपतीची वर्गणी दिली नाही’ अशी कलमे आहेत. यातले एकही कलम उपद्रव या शब्दात बसत नाही, आणि शेवटचे कलम लावले तर तुमच्या संस्थेतले आणखी किमान तीन सदस्य नोटिशीला पात्र ठरतील असा माझा अंदाज आहे. गच्चीचे कलम नोटिशीतून काढा, पण मनातून काढू नका. त्याविषयी पुढे लिहिते. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७, जो २९ मे २०१८ पासून लागू आहे, त्याच्या कलम ३ मध्ये असे स्पष्ट म्हटले आहे की समाजाच्या रूढ चालीरीतींशी कोणी जुळवून घेत नाही एवढ्यावरून त्याला मानसिक आजार आहे असे ठरवता येणार नाही, आणि उपचाराशी थेट संबंधित कारणाखेरीज किंवा कायद्याने सांगितलेल्या बाबींखेरीज कोणीही कोणावर तसा शिक्का मारू नये. तेव्हा नोटीस द्यायची तर चार वर्तनांची द्या, आजाराची देऊ नका. ती मालकांच्या नावे जाऊ द्या आणि प्रत ३०३ ला द्या. ‘मनोरुग्ण’ हा शब्द तीत कुठेही असू नये.

वर्तनाची नोंद ठेवण्याची एक रीत असते. तुमच्या रजिस्टरमध्ये ‘रात्रभर धिंगाणा’ असे लिहिलेले आहे. त्याचा ना पोलिसांना उपयोग, ना डॉक्टरांना. ‘पंप अडीचला सुरू, भिंतीवर ठोकण्याचा आवाज २.४० ते ३.०५, २०३ आणि ३०२ मध्ये ऐकू आला, ३०२ च्या सदस्यांनी बेल वाजवल्यावर थांबला’ असे लिहिले तर दोघांनाही त्यातून काही वाचता येते.

आणि अशी नोंद तीन महिने ठेवली असती, तर मला जे चार पाने वाचून दिसले ते तुम्हालाही दिसले असते. पंप सुरू झाला की थोड्याच वेळात आरडाओरडा सुरू होतो, हे तुम्ही स्वतःच ओघात लिहून गेला आहात. खालच्या टाकीतून गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवणारा पाइप बहुधा डक्टमधून, ३०३ च्या झोपण्याच्या खोलीला लागून जात असावा. शांत झोपलेल्या माणसाला भिंतीतली ती घरघर जेमतेम ऐकू येते. ज्याला झोपच लागत नाही, ज्याला एरवीही कोणीतरी आपल्याविरुद्ध काही करत आहे असे वाटत असते, त्याला रोज ठरावीक वेळी भिंतीतून येणाऱ्या त्या थरथरीचा काय अर्थ लागत असेल, याची कल्पना करून पाहा. पंप बसवणाऱ्याला बोलावून दोन गोष्टी विचारा: रात्री दहाच्या आत टाकी भरता येईल का, आणि पंपाखाली व पाइपच्या क्लॅम्पना रबर बसवता येईल का. हा आजारावरचा उपचार नव्हे, आणि यामुळे सगळे थांबेल असे वचन मी देत नाही. पण पाणी तोडण्याच्या ठरावापेक्षा टायमर स्वस्त पडतो.

दुसरी गोष्ट कॅमेऱ्याची. रखवालदाराच्या प्रसंगानंतर तिसऱ्या मजल्यावर बसवलेला कॅमेरा थेट ३०३ च्या दारावर रोखलेला आहे, असे तुमच्या नोटिशीच्या मसुद्यावरूनच कळते. आपल्यावर कोणीतरी पाळत ठेवत आहे असे ज्याला वाटते, त्याच्यावर तुम्ही खरोखरच पाळत ठेवली आहे. तो कॅमेरा जिन्याकडे वळवा. दोन सदस्यांनी काढलेले आणि संस्थेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरणारे व्हिडिओही आजच काढून टाकायला सांगा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये मानसिक आजाराचा समावेश आहे आणि अशा व्यक्तीचा लोकांसमोर हेतुपुरस्सर अपमान केल्यास कलम ९२ खाली किमान सहा महिन्यांची, कमाल पाच वर्षांची कैद सांगितली आहे. व्हॉट्सॲप ग्रुप म्हणजे ‘लोकांसमोर’ का, यावर वकिलांना खुशाल वाद घालू द्या. तो वाद आपल्या संस्थेच्या खर्चाने व्हावा अशी तुमची इच्छा नसेल.

आता बहिणीविषयी, आणि इथे मला तुम्हाला थोडे रागावावे लागेल. त्यांनी भावाच्या आजाराची गोष्ट मदतीच्या आशेने एका जबाबदार माणसाला सांगितली आणि ती ४० जणांच्या सभेत पोहोचली. त्यांना फोन करून हे झाले आहे आणि चूक तुमची आहे, असे सरळ सांगा. दुसऱ्या कोणाकडून कळले तर त्या पुन्हा तुमचा फोन उचलणार नाहीत, आणि या सगळ्या प्रकरणात उपचाराचा दरवाजा उघडू शकेल अशी तीच एक व्यक्ती आहे. ऑक्टोबरमध्ये त्या घरातून आई गेल्या त्यांच्याबरोबर सकाळचा चहा, दोन वेळचे जेवण, वेळेवर हातावर ठेवलेली गोळी आणि बहुधा दर महिन्याला औषधाच्या दुकानात चिठ्ठी घेऊन जाणारे पायही गेले. बहिणीला एवढेच विचारा की औषधे शेवटची कधी आणली गेली. खंड पडला असेल तर जुन्या चिठ्ठीवरून जुन्याच मात्रेत औषध त्यांनी आपल्या मनाने पुन्हा सुरू करू नये. काही औषधे खंडानंतर पुन्हा कमी मात्रेपासून चढवत न्यावी लागतात, आणि ते डॉक्टरांनीच ठरवायचे असते. आधीचे डॉक्टर माहीत असतील तर त्यांच्याकडे, नाहीतर ठाण्यातच असलेल्या प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात जाता येते. टेली मानस ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलते आणि ती रुग्णांइतकीच त्यांच्या नातेवाइकांसाठीही आहे. बहिणीने नाशिकहून फोन केला तरी चालेल.

डॉक्टर तुम्हाला, म्हणजे संस्थेच्या सचिवाला, काहीही सांगणार नाहीत, कारण कायद्याने रुग्णाची माहिती गोपनीय आहे. पण तुम्ही सांगितलेले ऐकून घ्यायला त्यांना कसलीच आडकाठी नाही. म्हणून वर सांगितलेली तारीखवार नोंद बहिणीच्या हाती द्या. दहा मिनिटांच्या तपासणीत जे दिसत नाही ते तीन आठवड्यांच्या नोंदीत दिसते.

‘सरळ ठाण्याच्या इस्पितळात नेऊन टाका’ असे सभेत एकजण म्हणाले. टाकता येत नाही. स्वतःच्या संमतीशिवाय दाखल करून घ्यायचे तर मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाच्या कलम ८९ प्रमाणे रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीचा अर्ज लागतो, आणि असा प्रतिनिधी रुग्णाने नेमलेला नसेल तर ती जागा नातेवाइकांकडे, इथे बहिणीकडे येते. तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासून स्वतःला किंवा दुसऱ्याला धोका आहे, किंवा स्वतःची काळजी घेणे धोका उत्पन्न होईल इतके सुटले आहे, असे ठरवावे लागते, आणि हा प्रवेश एका वेळी कमाल ३० दिवसांचा असतो. यात संस्थेला कुठेही जागा नाही, आणि नसावीच.

धोक्याची वेळ मात्र वेगळी असते. हातात शस्त्र दिसले, वरून कुंडी किंवा उकळते पाणी आले, कोणाला मारण्याची किंवा स्वतःचे बरेवाईट करण्याची भाषा झाली, गॅसचा वास आला, दोन दिवस दार उघडले नाही आणि दुधाच्या पिशव्या कडीलाच लटकत राहिल्या, किंवा गच्चीवर उभे राहणारे गृहस्थ कठड्यापाशी दिसले, तर सभा बोलावू नका. ११२ ला फोन करा आणि ‘एक वेडा माणूस आहे’ असे न म्हणता ‘मानसिक आजार असण्याची शक्यता असलेली एक व्यक्ती आहे, तिला किंवा इतरांना धोका आहे, कलम १०० प्रमाणे मदत हवी’ असे सांगा. मानसिक आजारामुळे स्वतःला किंवा इतरांना धोका असलेल्या व्यक्तीला संरक्षणात घेऊन लवकरात लवकर, आणि २४ तासांच्या आत, जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत तपासणीसाठी नेणे हे त्याच अधिनियमाच्या या कलमाने पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचे कर्तव्य ठरवले आहे. अशा व्यक्तीला कोठडीत ठेवता येत नाही. ‘हा घरगुती मामला आहे, नातेवाइकांना बोलवा’ असे उत्तर पोलीस ठाण्यातून मिळू शकते, म्हणून त्या कलमाची मराठी प्रत संस्थेच्या कार्यालयात आधीच ठेवा आणि गरज पडण्यापूर्वीच एखाद्या दिवशी दुपारी बीटच्या हवालदारांना भेटून या. जीवाला धोका असेल तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर कलम ९४ खाली ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार सुरू करू शकतो, हेही ध्यानात असू द्या.

या सगळ्यात २०३ चे कुटुंब दुय्यम ठरू नये. तीन महिने नीट झोप नाही आणि मुलगी दहावीला, अशा आईवडिलांनी सभेत आवाज चढवला तर त्यात निर्दयपणा शोधू नका. त्यांना समजूतदारपणाचे धडे नकोत, झोप हवी आहे. परीक्षा संपेपर्यंत मुलीला रात्री झोपायला आणि अभ्यासाला दुसऱ्या विंगमधली एखादी खोली मिळू शकेल का, हे सदस्यांना विचारा. सभेत हात वर करणाऱ्यांपैकी एकाने तरी किल्ली पुढे करायला हरकत नसावी. रात्री प्रकार घडला तर त्यांनी स्वतः वर जायचे नाही, तुम्हाला किंवा ठरलेल्या दुसऱ्या सदस्याला फोन करायचा, हे नक्की करा. त्यांना पोलिसांत अदखलपात्र तक्रार नोंदवायची असेल तर तो त्यांचा हक्क आहे आणि संस्थेच्या प्रतिष्ठेच्या नावाखाली त्यांना अडवू नका. आजार असलेल्या माणसाचे प्रत्येक वर्तन आजारामुळेच असते असेही नाही, आणि रखवालदार हाही माणूस आहे. त्याच्याविषयी चार पानांत एकच वाक्य आहे. त्याची माफी मागितली जावी, ही अपेक्षा ३०३ कडून ठेवायला काहीच हरकत नाही. आपल्याकडून कोणाचीच काही अपेक्षा उरलेली नाही हे आजारी माणसालाही कळते, आणि ते फार वाईट लागते.

मालकांना लिहा. करार संपायला काही महिने आहेत आणि तो पुढे न वाढवण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. तसे ठरवले तर तो भेदभाव म्हणून मी त्यांच्यावर ठपका ठेवणार नाही. पण त्यांनी निर्णय शेवटच्या आठवड्यात न सांगता किमान दोन महिने आधी बहिणीला लेखी कळवावा, म्हणजे नाशिकला त्यांच्या जवळ घर बघायचे, की काही काळ निवासी पुनर्वसन केंद्रात राहायचे, याचा विचार घाईत होणार नाही. अशी केंद्रे थोडी आहेत आणि खाजगी असली तर महाग आहेत. आजाराच्या भरात, सामान जिन्यात आणि माणूस रस्त्यावर, अशा रीतीने घर सुटले तर तो महिन्याभरात कुठल्यातरी दुसऱ्या इमारतीच्या खाली, किंवा तुमच्याच फाटकापाशी येऊन बसतो. हे मी एकाहून अधिक वेळा पाहिले आहे. उलट उपचार पुन्हा सुरू होऊन मार्चपर्यंत रात्री शांत झाल्या, तर कदाचित मालकच करार वाढवतील. दोन्ही गोष्टी शक्य आहेत आणि कोणती होईल हे आज सांगता येत नाही.

पहिले पाऊल मात्र तुमचेच आहे, आणि ते ३०३ च्या दारापर्यंतचे आहे. तीन महिन्यांत त्या दारात फक्त भांडायला माणसे गेली. आई गेल्यावर भेटायला कोणी गेल्याचा उल्लेख पत्रात नाही. शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास जा, रात्री नको. दोघेच जा, आणि दुसरी व्यक्ती आई हयात असताना त्या घरात येणे-जाणे असलेली असावी. दारापासून दोन पावले मागे उभे राहा, जिन्याकडची वाट अडवू नका. आधी आईविषयी बोला. मग एकच विषय काढा, नऊ नव्हे. त्यांनी सांगितले की खालचे लोक रात्री भिंत पोखरतात, तर ‘असे काही नसतेच’ म्हणून वाद घालू नका आणि ‘हो, मीही ऐकले’ असे खोटेही बोलू नका. ‘मला तो आवाज ऐकू येत नाही, पण तुम्हाला झोप लागत नाही हे मला दिसते आहे, पंपाची वेळ आम्ही बदलतो आहोत, रात्री त्रास झाला तर भिंतीवर ठोकू नका, मला फोन करा,’ एवढे पुरे आहे. रात्री अडीचला फोन येईल याची तयारी ठेवा, आणि आला तर उचला. नोटीस त्या दिवशी नेऊ नका. ती पोस्टाने जाऊ द्या.

दार उघडले नाही आणि आतून हालचाल ऐकू येत असेल, तर हेच सगळे चार ओळींत कागदावर लिहून, खाली तुमचे नाव आणि फोन नंबर मोठ्या अक्षरांत घालून दाराखालून सरकवा, आणि सोमवारी पुन्हा जा.